परराज्यातील कंपनीचे गोव्यातील दुकान: नाव नेमके कोठे नोंदवायचे?

पंचगंगा:
नमस्कार. आमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी कोल्हापूर येथे नोंदलेली असून लाकडी घाण्यावर शेंगदाणा, करडई आणि खोबरेल तेल काढून ते बाटलीबंद विकणे हा तिचा व्यवसाय आहे. गोव्यातील किराणा दुकानदार आजवर आमच्याकडून थेट माल मागवत असत. आता बार्देश तालुक्यात स्वतःचे विक्रीकेंद्र आणि तेथून थोड्या अंतरावर एक लहान गोदाम सुरू करण्याचे संचालक मंडळाने ठरवले आहे. दुकानाच्या पाटीवर कंपनीचे लांबलचक नाव न लावता बाटल्यांवर आम्ही जे नाव छापतो तेच लावावे, असे सर्वांचे मत पडले.

येथूनच गोंधळ सुरू झाला. एका सल्लागाराने सांगितले की कंपनी महाराष्ट्रातील असल्यामुळे तिचे नाव गोव्यात ‘बाहेरची कंपनी’ म्हणून वेगळे नोंदवावे लागेल आणि दुकानाच्या नावासाठी आणखी एक स्वतंत्र नोंदणी करावी लागेल. दुसऱ्याच्या मते यांपैकी कशाचीही गरज नसून पंचायतीचा परवाना पुरेसा आहे. इंटरनेटवर शोध घेतला तर पहिल्या सल्लागाराच्या म्हणण्याला दुजोरा देणारी पुष्कळ माहिती सापडते. गोव्यात प्रत्यक्ष व्यवसाय करणाऱ्या किंवा हे काम पाहणाऱ्या मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

जमाखर्च:
पंचगंगाबाब, इंटरनेटवर सापडलेली ती माहिती बहुधा अमेरिकेची असावी. तेथे कंपनीविषयक कायदा प्रत्येक राज्याचा वेगळा असल्यामुळे डेलावेअरमध्ये स्थापन झालेली कंपनी टेक्ससमध्ये दुकान थाटू लागली की टेक्ससच्या दृष्टीने ती ‘फॉरेन’ ठरते, तिला तेथे व्यवसायासाठी नोंद करावी लागते, आणि मूळ नावाऐवजी दुसऱ्या नावाने व्यवहार करायचा असल्यास त्या नावाचीही वेगळी नोंद द्यावी लागते. ही व्यवस्था आपल्याकडे नाही. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत व्यापारी कंपन्यांची स्थापना आणि नियमन हा विषय केंद्राच्या सूचीत, नोंद ४३ आणि ४४ मध्ये आहे. म्हणून २०१३ चा कंपनी कायदा कोल्हापुराला जो लागू आहे तोच काणकोणलाही लागू आहे, आणि एकदा स्थापन झालेली कंपनी देशात कोठेही व्यवसाय करू शकते.

आपल्या कंपनीच्या ओळख क्रमांकात महाराष्ट्राची अक्षरे असतील, गोव्यातील कंपनीच्या क्रमांकात गोव्याची असतात. नोंदणीकृत कार्यालय कोणत्या राज्यात आहे आणि कागदपत्रे कोणत्या निबंधकाकडे जातात, एवढेच त्यावरून कळते. गोव्यात शाखा उघडल्याची वेगळी सूचना पणजीच्या कंपनी निबंधकांना देण्याची तरतूद कायद्यात नाही. कायद्यातील ‘विदेशी कंपनी’ म्हणजे भारताबाहेर स्थापन झालेली कंपनी होय. तिला कलम ३८० नुसार भारतात व्यवसायाचे ठिकाण सुरू केल्यापासून तीस दिवसांत कागदपत्रे दाखल करावी लागतात. त्या कलमाचा कोल्हापूरशी काही संबंध नाही.

मात्र ‘काहीच करावे लागत नाही’ हे दुसऱ्या सल्लागाराचे मतही मला मान्य नाही. नाव नोंदवावे लागत नसले तरी जागा, कर आणि परवाना यांची नोंद गोव्यातच करावी लागते, आणि त्या प्रत्येक कागदावर नाव कसे लिहायचे हा प्रश्न उभा राहतोच. घाईघाईत चार कागदांवर चार प्रकारे नाव पडले की पुढे बँकेत त्याचा मनस्ताप होतो. आधी एवढे सांगावे की नोंदणीकृत कार्यालय कोल्हापुरातच राहणार आहे ना?

पंचगंगा:
होय, कार्यालय आणि घाणा दोन्ही कोल्हापुरातच राहतील. गोव्यात केवळ विक्री आणि साठा असेल.

जमाखर्च:
मग उत्तम. कार्यालयच गोव्यात हलवायचे असते तर विशेष ठराव, घटनापत्रकात बदल आणि कलम १३ खाली प्रादेशिक संचालकांची मंजुरी असे लांबलचक प्रकरण झाले असते. आपल्याला संचालक मंडळाचा एक ठराव करावा लागेल. गोव्यात अमुक पत्त्यांवर व्यवसायाचे ठिकाण सुरू करण्यास मान्यता, दुकानासाठी अमुक नाव वापरण्यास मान्यता, आणि गोव्यातील सर्व अर्जांवर सही करण्याचा अधिकार अमुक व्यक्तीस, या तिन्ही गोष्टी त्या एकाच ठरावात याव्यात. नावाचा उल्लेख ठरावात करण्याची सक्ती नाही, तरी मी तो आग्रहाने करायला लावतो, कारण पाटीवरील नाव आणि कंपनी यांना जोडणारा कागद मागितला की तोच पुढे करता येतो. हिशेबाची मूळ पुस्तके कोल्हापुरात राहून गोव्यातील दुकान ठरावीक काळाने गोषवारा पाठवत असेल तर कलम १२८ खाली तेवढे पुरते.

म्हापशेकर:
मी दुकानदार आहे, कायद्याचा जाणकार नाही. परंतु परवान्याच्या बाबतीत महाराष्ट्रातून येणाऱ्या माणसाची जी गल्लत होते ती अनेकदा पाहिली आहे. तिकडे ‘गुमास्ता’ काढला की दुकानाची नोंद झाली असे लोक धरून चालतात. येथे दोन वेगळी कामे आहेत. एक, स्थानिक संस्थेचा व्यापार परवाना. दुकान गावात असेल तर पंचायत तो १९९४ च्या गोवा पंचायत राज कायद्याखाली देते, शहरात असेल तर नगरपालिका १९६८ च्या कायद्याखाली देते आणि पणजीत महापालिका देते. दोन, कामगार खात्याकडील नोंदणी, जी १९७३ च्या गोवा, दमण आणि दीव दुकाने व आस्थापना कायद्याखाली होते. आपला महाराष्ट्रातील गुमास्ता येथे उपयोगी पडत नाही, कारण तो कायदाच वेगळा आहे.

आपले दुकान पालिका क्षेत्रात आणि गोदाम पंचायत क्षेत्रात असेल तर दोन परवाने घ्यावे लागतील. ‘गोदामात विक्री होत नाही, मग परवाना कशाला’ असा युक्तिवाद करू नये, साठवणुकीलाही परवाना लागतो. पंचायतीत अर्ज सचिवाकडे जातो आणि मंडळाच्या बैठकीपुढे ठेवला जातो. म्हणून बैठकीच्या आदल्या दिवशी घाईने अर्ज देण्याऐवजी सचिवांना आधी भेटून कागद पुरे आहेत याची खात्री करून घ्यावी. अर्जात आस्थापनेचे नाव आणि अर्जदाराचे नाव अशा दोन वेगळ्या जागा असतात. पहिल्या ठिकाणी दुकानाचे नाव आणि दुसऱ्या ठिकाणी कंपनीचे संपूर्ण नाव लिहावे, व्यवस्थापकाचे व्यक्तिगत नाव अर्जदार म्हणून लिहू नये. माझ्या शेजारच्या गाळ्यात एका बाहेरच्या कंपनीचा परवाना व्यवस्थापकाच्या नावाने निघाला होता. तो गृहस्थ नोकरी सोडून गेला तेव्हा कंपनीला सगळा अर्ज पुन्हा पहिल्यापासून करावा लागला.

पाटीसाठी वेगळे शुल्क आकारले जाऊ शकते, हेही खर्चात धरावे.

पंचगंगा:
म्हापशेकरदादा, आभारी आहे. व्यवस्थापकाच्या नावाने अर्ज करावा असाच सल्ला आम्हाला मिळाला होता, कारण तो मूळचा गोव्याचा आहे आणि ‘स्थानिक माणूस दिसला की काम लवकर होते’ असे सांगण्यात आले. आता तसे करणार नाही. जीएसटीबद्दल कोणी सांगू शकेल का? आमची कोल्हापूरची नोंदणी आहे. ती चालत नाही काय?

जमाखर्च:
कोल्हापूरहून बिल करून गोव्यातील दुकानदाराला माल पाठवताना ती चालत होती, कारण तो आंतरराज्य पुरवठा आपल्या महाराष्ट्रातील ठिकाणाहून होत होता. गोव्यातील दुकानातून विक्री होऊ लागली की पुरवठा गोव्यातून होतो, आणि त्यासाठी गोव्याचा क्रमांक लागतो. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो, गोव्याचा ३० ने. ‘गोव्यातील उलाढाल चाळीस लाखांच्या आत राहील, मग नोंदणी कशाला’ असे काही जण विचारतात. ही मर्यादा राज्यापुरती मोजायची नसून एका पॅनवरील देशभराच्या एकूण उलाढालीवर मोजायची असते. त्यामुळे आपल्यासारख्या चालत्या कंपनीला गोव्यात पहिल्या बाटलीपासून नोंदणी हवी.

नावाचा मुद्दा येथे नीट समजून घ्यावा. अर्जात ‘विधिमान्य नाव’ आणि ‘व्यापारी नाव’ असे दोन रकाने असतात. पहिला पॅनवरून आपोआप भरला जातो आणि त्यात आपल्याला काही करता येत नाही. दुसरा मोकळा असतो, आणि पाटीवरील नाव तेथे लिहायचे असते. प्रमाणपत्रावर दोन्ही नावे एकाखाली एक छापून येतात. परराज्यातील कंपनीचे दुकानी नाव गोव्यात सरकारी कागदावर येण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे, आणि बँकेपासून क्यूआर कोड देणाऱ्या कंपनीपर्यंत सर्व जण हाच कागद मागतात. परंतु हे नाव लिहून दिले म्हणून त्यावर आपला हक्क प्रस्थापित होत नाही. तेच नाव शेजारच्या दुकानदारानेही आपल्या अर्जात लिहिले तरी यंत्रणा त्याला अडवत नाही.

गोदामासाठी वेगळा क्रमांक नको, त्याच नोंदणीत ‘अतिरिक्त ठिकाण’ म्हणून ते दाखवावे. कलम २५ नुसार कोल्हापूरची आणि गोव्याची नोंदणी या दोन भिन्न व्यक्ती मानल्या जातात. म्हणून कोल्हापूरहून स्वतःच्याच गोव्यातील दुकानाकडे येणाऱ्या मालावरही आयजीएसटी (आंतरराज्य पुरवठ्यावरील जीएसटी) लावून बिल करावे लागते, आणि तो कर गोव्यात जमा म्हणून मिळतो. बिल न करता केवळ पाठवणीच्या चलनावर (डिलिव्हरी चलान) माल आणणारे लोक पत्रादेवीच्या नाक्यावर अडकतात. बँक खात्याचा तपशील नोंदणीनंतर तीस दिवसांत किंवा पहिले विक्री विवरणपत्र भरण्यापूर्वी, जे आधी येईल तोवर द्यावा लागतो. कंपनीच्या नावाचे कोल्हापूरचे खाते त्यासाठी चालते.

साळकाठ:
मी मडगाव येथे वकिली करते. वरील सर्व प्रतिसाद योग्य आहेत. परंतु माझ्या अनुभवात बाहेरच्या कंपनीचा अर्ज नावापेक्षा जागेच्या कागदावर अधिक वेळा अडकतो, आणि गोव्यात त्याची कारणे स्थानिक आहेत. म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

येथे जुन्या घराची घरपट्टी आणि विजेचे बिल पुष्कळदा आजोबांच्या नावाने येत असते. आजोबा निवर्तलेले असतात आणि वारसांत इन्व्हेंटरीचे, म्हणजे वारसा ठरवून वाटणी करण्याचे, काम कधी झालेलेच नसते. ज्याच्याशी आपण भाडेकरार करता तो नातू प्रामाणिक असला तरी, कागदावरील नाव आणि करारातील नाव जुळत नाही म्हणून जीएसटी आणि परवाना या दोन्ही ठिकाणी शंका काढली जाते. गाळा नव्या इमारतीत असेल तर विक्रीखत, भोगवटा दाखला आणि घर क्रमांक मालकाच्या नावाने आहेत ना हे पाहावे. गोदाम जुन्या घराच्या तळमजल्यावर असेल तर एक-चौदाचा उतारा (आपल्याकडील सात-बारासारखा जमिनीचा उतारा) जरूर काढावा. घर मुंडकाराचे (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचे) आणि जमीन भाटकाराची (जमीनमालकाची) अशी स्थिती असल्यास विजेचे बिल एकाच्या नावाने आणि उतारा दुसऱ्याच्या नावाने दिसेल. अशा जागेत व्यापारी वापर सुरू करण्यापूर्वी वकिलाला दाखवल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये.

दुसरी गोष्ट महाराष्ट्रातील मंडळींना हमखास नवी वाटते. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कौटुंबिक कायदा गोव्यात लागू असल्यामुळे, लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते. १९६१ च्या आयकर कायद्यात अशा दांपत्याच्या भाड्याचे उत्पन्न दोघांत समान विभागण्यासाठी ‘५-अ’ हे कलम घातलेले होते. म्हणून भाडेकरारावर आणि ना हरकत पत्रावर मालकासोबत त्याच्या पत्नीचीही सही घ्यावी, मालकीण स्त्री असेल तर पतीची घ्यावी. सात-बारावर एकाचे नाव पाहून व्यवहार करण्याची सवय असलेल्या व्यवस्थापकाला हे अनावश्यक वाटते. येथे मात्र ती एक सही राहिली की पुढे कोणीतरी हरकत घेण्याची शक्यता उरते.

एक वर्षापेक्षा अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत असणे कायद्याने आवश्यक आहे. नोंदणीकृत कराराचा जीएसटीतही फायदा होतो. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने १७ एप्रिल २०२५ रोजी काढलेल्या सूचनेत अधिकाऱ्यांनी कोणते कागद मागावेत आणि कोणते मागू नयेत हे सांगितले आहे. करार नोंदणीकृत असेल तर मालकाचा ओळखपुरावा मागू नये असे त्यात आहे, आणि अर्जदाराचा राहता पत्ता नोंदणी मागितलेल्या राज्यातला का नाही, असे तर्कावर आधारलेले प्रश्न विचारू नयेत, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. आपल्यासारख्या बाहेरच्या संचालकांना नेमका हाच प्रश्न विचारला जात असे. ही सूचना केंद्रीय अधिकाऱ्यांना उद्देशून असल्यामुळे अर्ज राज्याच्या अधिकाऱ्याकडे गेला तर ती बंधनकारक म्हणून दाखवता येणार नाही, पण उत्तरात तिचा आधार घेण्यास हरकत नाही.

पंचगंगा:
साळकाठताई, गाळ्याचे कागद आम्ही पाहिले होते. पत्नीची सही मात्र कोणीच सुचवली नव्हती. गोदामाचे घर खरोखरच मालकाच्या वडिलांच्या नावाने आहे. त्यासाठी दुसरी जागा पाहावी असे आता वाटू लागले आहे.

याशिवाय आणखी एक अडचण कालच कळली. आम्ही बाटल्यांवर वापरतो त्याच नावाचे एक लहान दुकान डिचोली तालुक्यात आहे. तेही तेलच विकतात. आमच्या नावात ‘घाणा’ आणि ‘तेल’ हेच मुख्य शब्द आहेत, त्यामुळे कोणालाही ते सुचणे स्वाभाविक आहे. त्यांच्याकडे पंचायतीचा परवाना त्या नावाने आहे. आमची कंपनी त्याहून मोठी असून निबंधकाकडे नोंदलेली आहे. मग हे नाव गोव्यात आम्हाला मिळणार की त्यांना?

साळकाठ:
या प्रश्नाचे उत्तर परवान्यात नाही आणि कंपनीच्या प्रमाणपत्रातही नाही. पंचायत परवाना देताना अमुक जागेत अमुक व्यवसाय चालवण्यास मुभा देते, नावाची मालकी देत नाही. कंपनी निबंधक कलम ४ खाली एवढेच पाहतात की दुसऱ्या कंपनीचे किंवा एलएलपीचे (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीचे) नाव त्यासारखे नाही ना, आणि नोंदलेल्या किंवा अर्ज केलेल्या व्यापारचिन्हाशी ते भिडत नाही ना. डिचोलीच्या दुकानदाराची कंपनी नसल्यामुळे तो त्या तपासणीत कोठेच दिसला नसता. उद्यम नोंदणीचेही तेच. ती लघुउद्योगाची ओळख आहे, नावाचे संरक्षण तिच्यातून मिळत नाही.

नावावरील हक्क ठरतो १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याने आणि प्रत्यक्ष वापराने. चिन्ह नोंदलेले असेल तर त्याचा हक्क संपूर्ण देशात चालतो, गोव्यासाठी वेगळा अर्ज नसतो. गोवा मुंबईच्या व्यापारचिन्ह कार्यालयाच्या अखत्यारीत येतो आणि महाराष्ट्रही त्याच कार्यालयाकडे आहे. तथापि कलम ३४ नुसार जो आपल्या आधीपासून आणि सातत्याने ते नाव वापरत आला आहे, त्याला नोंदणीधारक थांबवू शकत नाही. तिरुनेलवेलीच्या ‘इरुट्टुकडै हलवा’ या नावावरील वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हेच तत्त्व ठामपणे मांडले. दोन्ही पक्षांकडे नोंदणी असली तरी आधीपासून वापर करणाऱ्याचा हक्क वरचढ ठरतो, असा तो निर्णय आहे. म्हणून कंपनी मोठी की दुकान लहान हे गौण आहे. त्यांनी ते नाव कोणत्या वर्षी वापरायला सुरुवात केली आणि आपण कोणत्या वर्षी केली, आणि दोघांकडे त्या वर्षाची बिले आहेत का, हे पाहावे लागेल.

दुसरा अडथळा नावाच्या स्वरूपात आहे. मालाचे केवळ वर्णन करणारे शब्द कलम ९ खाली नोंदले जात नाहीत, त्या नावाला दीर्घ वापराने स्वतंत्र ओळख मिळाल्याचे सिद्ध करावे लागते. तेल विकणाऱ्याने ‘घाणा’ आणि ‘तेल’ हे शब्द घेऊन मक्तेदारी मागितली तर परीक्षक पहिल्याच पत्रात हरकत काढील. त्यावर ‘गोवा’ हा शब्द जोडून काही साधत नाही, कारण स्थळदर्शक शब्दालाही तीच हरकत लागते. माझे स्पष्ट मत असे आहे की पाटी रंगवण्यापूर्वी त्या नावाला एक वेगळा, आपला स्वतःचा शब्द जोडावा आणि त्या संपूर्ण नावाचा अर्ज करावा.

करड:
ताईंच्या मताशी मी पूर्ण सहमत नाही. बाटल्यांवर अनेक वर्षे छापलेले नाव बदलल्यास ग्राहक तुटतो. कोल्हापूर, सांगली भागात ज्या नावाची ओळख झाली आहे ते सोडून देण्यापेक्षा, डिचोलीच्या दुकानदाराशी लेखी समजुतीचा करार करून दोघांनी आपापल्या भागात नाव वापरणे अधिक शहाणपणाचे नाही का? किंवा गोव्यात स्वतंत्र उपकंपनी काढली तर तिचे नाव येथेच नोंदले जाईल आणि प्रश्नच मिटेल.

साळकाठ:
समजुतीचा करार शक्य आहे आणि पुष्कळदा तोच उत्तम असतो. नाव सोडून द्या असे मी म्हटलेले नाही, त्याला जोड द्या असे म्हटले आहे. बाटलीवरील मूळ शब्द तसेच राहू शकतात.

उपकंपनीने मात्र हा प्रश्न मिटणार नाही. तिचे नाव मंजूर झाले तरी डिचोलीच्या दुकानदाराचा जुन्या वापराचा दावा होता तेथेच राहील. आणि नोंदलेल्या चिन्हाच्या मालकाने कंपनी स्थापन झाल्यापासून तीन वर्षांच्या आत कंपनी कायद्याच्या कलम १६ खाली तक्रार केली तर केंद्र सरकार नाव बदलण्यास भाग पाडू शकते.

जमाखर्च:
उपकंपनीविषयी हिशेबाच्या बाजूने भर घालतो. विद्यमान कंपनीच्या नावाला केवळ गावाचे किंवा राज्याचे नाव जोडून नवे नाव मागितले तर कंपनी स्थापनेच्या नियमांतील नियम ८ नुसार ते जुन्या नावासारखेच धरले जाते, त्यासाठी मूळ कंपनीच्या संचालक मंडळाचा ना हरकत ठराव लावावा लागतो. तो आपल्याच हाती असल्यामुळे अडचण मोठी नाही. खरा भार पुढे येतो. वेगळे लेखापरीक्षण, वेगळी वार्षिक विवरणे, वेगळे बँक खाते, आणि दोन कंपन्यांतील प्रत्येक व्यवहाराची कागदोपत्री मांडणी हे सगळे एका दुकानासाठी दरवर्षी करावे लागेल. गोव्यात भागीदार घ्यायचा असेल किंवा येथे उत्पादन सुरू करायचे असेल तरच मी उपकंपनी सुचवीन.

चिन्हाच्या अर्जाचा खर्च तुलनेने किरकोळ आहे. ऑनलाइन अर्जासाठी प्रत्येक वर्गाला ९,००० रुपये शुल्क आहे. उद्यम प्रमाणपत्र असलेल्या लघुउद्योगाला ते ४,५०० रुपये पडते. खाद्यतेल २९ व्या वर्गात येते आणि किरकोळ विक्रीची सेवा ३५ व्या वर्गात येते. दुकानाच्या पाटीसाठीही संरक्षण हवे असेल तर दोन्ही वर्ग घ्यावेत. नोंदणी दहा वर्षांची असते. अर्ज केल्यावर नावापुढे ‘टीएम’ लावता येते, वर्तुळातील ‘आर’ मात्र नोंदणी झाल्याशिवाय लावू नये, त्यासाठी व्यापारचिन्ह कायद्याच्या कलम १०७ खाली आर्थिक दंड आहे.

घाटमाथा:
विषयाला धरूनच एक प्रश्न विचारतो. आमची बेळगावात नोंदलेली भागीदारी पेढी आहे, कंपनी नाही. गोव्यातील साखळी या गावी शाखा काढायची आहे. आम्हाला गोव्यात पेढीचे नाव पुन्हा नोंदवावे लागेल काय?

साळकाठ:
नाही. १९३२ च्या भागीदारी कायद्यात नोंदणी झालेली पेढी दुसऱ्या ठिकाणी व्यवसाय सुरू करते तेव्हा कलम ६१ नुसार आपल्या मूळ निबंधकाला त्याची सूचना देता येते. ती बेळगावच्या बाजूलाच द्यावी आणि तिची प्रत गोव्यातील अर्जांना जोडावी. पेढीच्या नावाला कंपनीसारखी अनन्यता नसते, एकाच नावाच्या दोन पेढ्या असू शकतात. त्यामुळे व्यापारचिन्हाचा सल्ला आपल्यालाही लागू आहे. बाकी परवाना, कामगार खाते आणि जीएसटी यांच्या बाबतीत वर लिहिलेले सर्व तसेच्या तसे धरावे.

म्हापशेकर:
पाटीबद्दल कोणी बोललेच नाही. बाहेरच्या कंपन्या दुकानाचे नाव मोठ्या अक्षरांत लावतात आणि खरी कंपनी कोणती हे ग्राहकाला बिल हातात पडेपर्यंत कळत नाही. हे चालते का?

जमाखर्च:
चालवून घेतले जाते, पण कायद्यात बसत नाही. कंपनी कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कंपनीने आपले नाव आणि नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, जेथे जेथे तिचा व्यवसाय चालतो अशा प्रत्येक जागेबाहेर ठळक ठिकाणी वाचता येईल असा लावला पाहिजे. हे केवळ मुख्य कार्यालयापुरते नाही. वरती दुकानाचे नाव कितीही मोठे असो, खाली कंपनीचे संपूर्ण नाव आणि कोल्हापूरचा पत्ता आला पाहिजे. त्या भागात सर्वसाधारण वापरात असलेल्या एखाद्या भाषेच्या लिपीत नाव असावे असेही ते कलम सांगते. गोव्यात देवनागरी कोकणी ही राजभाषा असून सरकारी कामात मराठीचाही वापर होतो, तेव्हा देवनागरीत लिहिलेल्या पाटीबद्दल शंका उरत नाही. बिलांवर आणि पत्रांवर कंपनीचा ओळख क्रमांक, दूरध्वनी आणि ईमेलही हवा. हे न केल्यास दिवसाला हजार रुपये, जास्तीत जास्त एक लाखापर्यंत दंड आहे, आणि तो कंपनीबरोबर जबाबदार अधिकाऱ्यालाही लागतो. जीएसटीच्या नियम १८ नुसार प्रवेशद्वारावरील पाटीवर गोव्याचा क्रमांकही लागतो, आणि प्रमाणपत्र आत दर्शनी भागात लावायचे असते.

आपण खाद्यपदार्थ विकता, म्हणून अन्नसुरक्षेचा परवाना प्रत्येक जागेचा वेगळा घ्यावा लागेल, दुकानाचा आणि गोदामाचाही. कंपनी दोन राज्यांत काम करू लागली की मुख्य कार्यालयासाठी केंद्रीय परवाना लागतो. हे काम पाहणारे वेगळे सल्लागार असतात, त्यांना आत्ताच गाठावे. बाटलीवर उत्पादक म्हणून कोल्हापूरचे नाव-पत्ता आहे तो तसाच ठेवावा. गोव्यातील दुकानाचे नाव लेबलवर उत्पादकाच्या जागी येऊ देऊ नये.

पंचगंगा:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. दरम्यान डिचोलीच्या गृहस्थांना भेटून आलो. माणूस सज्जन आहे. त्यांच्या वडिलांनी दुकान सुरू केले तेव्हाची बिलबुके त्यांनी दाखवली, आणि ती आमच्या कंपनीच्या स्थापनेपूर्वीची आहेत. नाव बदलण्याची त्यांची इच्छा नाही, आमच्याशी भांडण्याचीही नाही. संचालक मंडळापुढे आता असा प्रस्ताव ठेवणार आहे की आमच्या मूळ नावापुढे वेगळा शब्द जोडून त्या पूर्ण नावाचा दोन्ही वर्गांत अर्ज करावा, आणि त्यांच्याशी लेखी समजूत करावी. या करारात कोणती वाक्ये अवश्य असावीत, एवढे ताईंनी सांगितले तर पुढचे आमचे वकील पाहतील.

साळकाठ:
त्यांचा वापर आपल्या आधीचा आहे हे करारात प्रामाणिकपणे नमूद करावे, ते दडवून चिन्हाचा अर्ज करू नये. अर्जात वापराची तारीख लिहावी लागते, आणि खोट्या तारखेवर उभी राहिलेली नोंदणी पुढे रद्द होऊ शकते. त्यांनी आपल्या जोडशब्दासहित नावाला हरकत घेऊ नये, आपण त्यांच्या सध्याच्या नावाला आणि त्यांच्या वारसांच्या वापराला हरकत घेऊ नये, दोघांनीही पाटीचा रंग आणि अक्षरांचे वळण एकमेकांसारखे ठेवू नये, आणि चुकून एकाकडे आलेली मागणी किंवा तक्रार दुसऱ्याकडे पाठवावी, ही वाक्ये असू द्यावीत. त्यांच्या दुकानाची एकच शाखा आहे; उद्या त्यांनी म्हापशात दुसरी काढली तर काय, हेही आत्ताच लिहून ठेवावे. सही त्यांची आणि त्यांच्या पत्नीची घ्यावी. वडिलांचे वारस आणखी कोणी असतील तर त्यांचीही घ्यावी, कारण बिलबुके वडिलांच्या नावाची आहेत. आपल्या बाजूने कंपनीच्या नावाने, ठरावात ज्यांना अधिकार दिला आहे त्यांनीच सही करावी. पाटीवरील नावाने केलेला करार नंतर कोणावर बंधनकारक आहे हेच सांगता येत नाही.

पंचगंगा:
समजले. ठराव झाला की पालिकेतील अर्जापासून सुरुवात करतो. गोदामासाठी करासवाडा भागात कोणाच्या माहितीत स्वच्छ कागदांची जागा असल्यास जरूर कळवावे.